हुतात्मा शेलेस्तोव यांच्या नावाची चौकडी

आमच्या चौकडीला नाव नव्हतं, आणि नाव नसलेल्या चौकड्या त्या वर्षी बंद होत होत्या.

क्रास्नी झाटोनच्या सरकारी संगीतमंडळात आम्ही चौघं होतो. पहिलं व्हायोलिन वेनियामिन अर्काद्येविच यांचं. आपण खरं तर मॉस्कोत असायला हवं होतं, हे त्यांना रोज दाढी करताना आठवायचं आणि तालमीला येईपर्यंत ते विसरलेले नसायचे. दुसरं व्हायोलिन माझं, रिम्माचं. व्हिओलावर गेर्मान. त्याच्या पेटीत व्हिओलाला जेमतेम जागा उरायची, बाकी सगळी सुकी मासळी आणि राईचा पाव. आणि चेलोवर तैसिया. ती इतकी कमी बोलायची, की तिचा घटस्फोट झाल्याचं आम्हाला तिच्या नवऱ्याकडून कळलं होतं.

आमचे संचालक क्रूत्कोव पूर्वी विटांचा कारखाना चालवायचे. एके दिवशी त्यांनी आम्हाला बोलावलं.

"मॉस्कोला फोन लावला होता," ते म्हणाले. "संगीतकार शिल्लक नाही."

"म्हणजे?" वेनियामिन अर्काद्येविचनी विचारलं.

"म्हणजे सगळ्यांची नावं दुसऱ्या चौकड्यांना वाटून झाली. मोठे गेले, मधले गेले. एक इटालियन उरलाय म्हणे, पण तो पाद्री होता. तो आपल्याला चालायचा नाही. आणि नाव नसेल तर चौकडी बंद. गेर्मान, तू खाणं थांबव. तुझ्याबद्दलच चाललंय हे."

"मी ऐकतोय," गेर्मान म्हणाला.

"तर मी मार्ग काढलाय. आपलाच माणूस. कुप्रियान शेलेस्तोव."

कुप्रियान शेलेस्तोव आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक होता. टगबोटीवरचा आगवाला, बॉयलरमध्ये कोळसा टाकणारा. युद्धाच्या काळात धक्क्याला लागलेल्या तेलाच्या बार्जला आग लागली, तेव्हा त्यानं एकट्यानं टगबोट जोडून ती बार्ज कामा नदीच्या मध्यावर ओढत नेली. गाव वाचलं. टगबोट स्फोटात बुडाली, आणि कुप्रियान तिच्याबरोबर. त्याच्या नावाचा रस्ता होता, शाळा होती, धक्क्यावर अर्धपुतळा होता. पुतळ्याला शिल्पकारानं इतकी जबरदस्त हनुवटी दिली होती की हिवाळ्यात तिच्यावर चिमण्या ओळीनं बसायच्या.

"आगवाल्याच्या नावानं मी वाजवू?" वेनियामिन अर्काद्येविच म्हणाले.

"नाहीतर विटा भाजायला चला. तिकडे माझी ओळख आहे अजून."

असं आमचं नाव पडलं. समारंभाला कुप्रियानची विधवा झिनाईदा आली. टपोऱ्या बटणांचा कोट, छातीवर बिल्ला. ती मायक्रोफोनसमोर उभी राहून म्हणाली, "माझा कुप्रियान आज असता तर त्यानं कान देऊन ऐकलं असतं. तो फार हळवा होता." मग ती रडली. तिच्यासारखं रडणारं माणूस मी रंगभूमीवरही पाहिलेलं नाही. सगळं सभागृह रडलं. क्रूत्कोवनी तर रुमाल पिळला.

नाव लाभलं आम्हाला. पूर्वी आमच्या मैफलीला संगीतशाळेतल्या बाया यायच्या, त्याही थंडी असेल तर. आता नदीकाठच्या गावागावांतून गोदी कामगार येऊ लागले. पोस्टरवर 'कुप्रियान शेलेस्तोव' एवढंच ठळक असायचं. त्यामुळे टगबोटीबद्दल काहीतरी आहे असं वाटून लोक बसायचे, आणि एकदा बसले की बाहेरच्या गारठ्यापायी उठायचे नाहीत. आम्हाला नवे काळे पोशाख मिळाले. प्रांताच्या स्पर्धेत दुसरा नंबर आला. वेनियामिन अर्काद्येविच दाढी करताना गुणगुणू लागले, असं त्यांच्या बायकोनं मला सांगितलं.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही नदीच्या वरच्या अंगाला, पार टोकाच्या एका मासेमारांच्या वस्तीत वाजवायला गेलो. क्लबात पहिल्याच रांगेत एक म्हातारा बसला होता. कानावर फाटकी टोपी, आणि मांडीवर बदक. बदक जिवंत होतं. पहिला भाग संपला तसा तो उठला, बदक शेजारणीकडे दिलं आणि सरळ स्टेजवर आला.

"तुमच्यातला मोठा कोण?" त्यानं विचारलं.

"मी," वेनियामिन अर्काद्येविच म्हणाले. "खाली बसा. अजून तीन भाग आहेत."

"असू देत. मी कुप्रियान शेलेस्तोव."

"तो मेला."

"ते मला माहिताय."

गेर्मान हसू लागला. म्हाताऱ्यानं कोटाच्या आतून कागदात गुंडाळलेला पासपोर्ट काढून त्याच्यापुढे धरला, आणि गेर्मानचं हसणं हळूहळू बंद पडलं. नाव तेच, बापाचं नाव तेच, जन्मगाव क्रास्नी झाटोन. फोटोतल्या माणसाला मात्र हनुवटी म्हणावी अशी नव्हतीच.

मैफलीनंतर त्यानं आम्हाला आपल्या झोपडीत नेऊन चहा पाजला. स्फोटात तो नदीत फेकला गेला होता. खालच्या अंगाला लाकडांचा तराफा जात होता, त्यावरच्या लोकांनी उचलला. मग इस्पितळ, मग दुसरं इस्पितळ. पुष्कळ दिवस त्याला आपलं नावच आठवत नव्हतं.

"मग आठवल्यावर परत का नाही आलात, कुप्रियान साव्हिच?" मी विचारलं.

"आलो होतो की. बोटीतून उतरतो तर काय, धक्क्यावर ही गर्दी. बँड. पुतळ्यावरचं फडकं निघत होतं. आणि झिना बोलत होती. पोरी, मी तिच्याबरोबर नऊ वर्षं संसार केला. नऊ वर्षांत ती मला 'अरे ए' च्या पुढे काही बोलली नव्हती. आणि त्या दिवशी म्हणत होती, माझा कुप्रियान सोन्याचा होता, माझा कुप्रियान कबुतरासारखा होता." त्यानं नाक पुसलं. "म्हटलं, आता पुढे गेलो तर ही सगळं मागं घेईल. त्याच बोटीनं परत आलो."

बदक टेबलाखालून तैसियाच्या बुटाची नाडी ओढत होतं.

"रस्त्याचं मला काही वाटलं नाही," म्हातारा पुढे म्हणाला. "रस्ता गप पडून असतो. शाळेचंही ठीक. पण हे तुमचं आवाज करतं. माझ्या नावानं आवाज होतोय, तर कसा होतोय ते मला ऐकायला हवं. मी येतो तुमच्याबरोबर."

आणि तो आला. बदकं शेजारणीला देऊन, एक बोचकं घेऊन आमच्या बसमध्ये बसला.

क्रूत्कोवना हे सांगितलं तेव्हा त्यांनी आधी दार लावलं, मग खिडकी लावली, मग डोकं धरलं.

"जिवंत माणसाचं नाव संस्थेला देता येत नाही! नियम आहे! म्हणजे हा जिवंत असेल तर चौकडी रद्द. रस्ता रद्द. शाळा रद्द. पुतळा... अरे देवा, त्या पुतळ्याला कांस्य किती गेलं होतं!"

"मी कुठं म्हणतोय मी जिवंत आहे म्हणून?" कुप्रियान म्हणाला. "इतकी वर्षं मेलोय. कधी कुणाला त्रास दिला?"

क्रूत्कोवनी डोकं सोडलं. "म्हणजे तुम्ही मेलेलेच राहाल?"

"राहीन. पण यांच्याजवळ राहीन."

"कोणत्या नावानं?"

"लिहा, निकिफोर बुब्नोव. टगबोटीवरचा आमचा इंजिनमिस्त्री. मागं पुढं कुणी नाही त्याला. कुणी विचारायला येणार नाही."

संगीतमंडळात भट्टी पेटवणाऱ्या आगवाल्याची जागा रिकामीच होती. अशा रीतीनं हुतात्मा शेलेस्तोव हे शेलेस्तोव चौकडीचे आगवाले झाले.

आता म्हणाल, म्हातारा शहाणा निघाला असेल, त्यानं आमच्या वाजवण्यातली काही खोल गोष्ट ओळखली असेल. छे! त्याला संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं. चौघंजण एकच गाणं वेगवेगळ्या ठिकाणाहून सुरू करतात आणि शेवटाला आधी कोण पोचतं ते बघतात, अशी त्याची समजूत होती. ती आम्ही कधीच काढू शकलो नाही. तालमीला तो शेगडीपाशी स्टुलावर बसायचा आणि ओरडायचा, "रिम्मा, पाय उचल! वेनियामिन निघाला बघ पुढं!" आम्ही एकदम संपवलं की तो गुडघ्यावर थाप मारायचा. "आजपण बरोबरी! काय चौघं जुळलेत हो!" संथ भाग त्याला मुळीच सोसत नसे. "ही कसली शर्यत? चौघंही दमले की काय?"

"या माणसाला बाहेर काढा," वेनियामिन अर्काद्येविच रोज म्हणायचे.

"त्याचंच नाव आहे आपल्याला," तैसिया म्हणाली. त्या महिन्यातलं तिचं हे पहिलंच वाक्य होतं.

पण एक झालं. मी बारा वर्षं दुसरं व्हायोलिन वाजवत होते. दुसऱ्या व्हायोलिननं नेहमी हो म्हणायचं असतं, असंच मला शिकवलं होतं. आता कुणीतरी पहिल्यांदाच माझ्या बाजूनं ओरडत होतं. चुकीच्या कारणासाठी का होईना! मी थोडी पुढे सरकून वाजवू लागले. ते वेनियामिन अर्काद्येविचना खपेना, म्हणून तेही जोर लावू लागले. गेर्माननं तालमीपुरतं खाणं सोडलं. पुढच्या स्पर्धेत परीक्षकांनी आम्हाला पहिला नंबर दिला आणि 'जीवघेणी चुरस' असे शब्द वापरले. कुप्रियाननं ते चार वेळा वाचून घेतलं. "बघा, त्यांनाही कळलं," तो म्हणाला.

मग वसंतात बंदर खोल करायला गाळ काढण्याचं यंत्र आलं, आणि त्याला बुडालेली टगबोट लागली.

क्रूत्कोव धावत तालमीच्या खोलीत आले. "सापडला! हुतात्मा शेलेस्तोव सापडला! इंजिनखोलीत! बुटांसकट!"

"कुठं?" शेगडीपाशी बसलेल्या कुप्रियाननं विचारलं.

क्रूत्कोवना तो तिथे आहे याचं भानच नव्हतं. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, मग आमच्याकडे, मग छताकडे. "आता कळवून झालंय वर," ते पुटपुटले. "प्रांताचे प्रमुख येणार आहेत. धक्क्यावर दफन. तोफा. तुम्ही वाजवायचंय, संथ काहीतरी."

त्या दिवशी शेगडी विझली तरी कुप्रियानच्या लक्षात आलं नाही.

दफनाच्या दिवशी ऊन छान पडलं होतं. पुतळ्याशेजारी खड्डा, लाल कापडात गुंडाळलेली पेटी, तिच्यावर पट्टी: कुप्रियान साव्हिच शेलेस्तोव. प्रांतप्रमुख, त्यांची हॅट, शाळेची मुलं, सगळं गाव. झिनाईदा चौथऱ्यावर मायक्रोफोनशी. आम्ही खुर्च्यांवर, आणि आमच्या मागे कुप्रियान, टोपी डोळ्यांपर्यंत ओढून. येऊ नका म्हणून क्रूत्कोवनी हात जोडले होते. "माझ्या मयताला मी नको?" एवढंच तो म्हणाला होता.

आम्ही संथ भाग सुरू केला. थोडा वेळ बरं चाललं. मग कुप्रियान माझ्या खुर्चीवर ओणवला.

"पोरी, आत निकिफोर आहे."

"कळलं मला," मी ओठ न हलवता म्हणाले. "गप्प बसा."

"पिऊन झोपला होता तो खाली. लाथा घातल्या मी, उठेना. म्हटलं स्फोटात जागा होईल, पोहेल. त्याला पोहता यायचं. तो सारखा म्हणायचा, अस्त्राखानला जाईन, कलिंगडं लावीन. मला वाटलं गेला असेल. तीस वर्षं मी त्याच्यावर रागावून बसलोय, की हा लेकाचा एकदा शोधायला येत नाही म्हणून. आणि हा इथंच होता, गावासमोर." त्यानं टोपी आणखी खाली ओढली. "मला रडायचंय त्याच्यासाठी. आणि हे सगळे माझंच नाव घेतायत. कसं रडू?"

माझा एक सूर सुटला. वेनियामिन अर्काद्येविचनी डोळे वटारले.

"बंद करा हे संथ," कुप्रियान आता मोठ्यानं म्हणाला. "संथ कशानं तो कधी उठला नाही! ती शेवटची वाजवा. ती शर्यत!"

"कदापि नाही," वेनियामिन अर्काद्येविच दातांत म्हणाले.

तेव्हा तैसियानं गज उचलला, आणि एकटीनं शेवटचा भाग सुरू केला. तो भाग म्हणजे नुसता घोडा, दोरी तुटलेला. मी तिच्यामागे गेले. गेर्मान गेला. वेनियामिन अर्काद्येविच क्षणभर तसेच बसले. पण वर्षभर रोज ओरडा ऐकून त्यांचंही काहीतरी झालं होतं. तिघं पुढे निघून गेलेले त्यांना बघवेनात. त्यांनी अशी उडी घेतली की आठ ओळींत आम्हाला गाठलं. शाळेची मुलं ताल धरू लागली. मानवंदनेच्या शिपायांचे पाय हलू लागले. प्रांतप्रमुखांनी हॅट डोक्यावर घातली, काढली, पुन्हा घातली. क्रूत्कोव पुतळ्याच्या मागे गेले आणि तिथेच राहिले.

आणि आमच्या मागे कुप्रियान हमसून हमसून रडत होता. रडता रडता त्याला शिंक आली. तशी शिंक मी दुसऱ्या कुणाची ऐकलेली नाही. आधी कुत्रं विव्हळल्यासारखं, मग दार आपटल्यासारखं.

चौथऱ्यावर झिनाईदानं मान झटकन वळवली.

आम्ही संपवलं, एकदम, बरोबरीत. प्रांतप्रमुख क्रूत्कोवना शोधत म्हणाले, "हे काय होतं? कुणी ठरवलं हे?"

झिनाईदानं मायक्रोफोन ओढून घेतला. तिची नजर आमच्या मागच्या टोपीवर होती.

"हे त्याला आवडायचं," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याला. कधी धीर नव्हता मेल्याला."

प्रांतप्रमुखांनी मान हलवली आणि टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्यांनी वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी तालीम चालू असताना ती आली. कोट तोच, बिल्ला नव्हता. ती शेगडीपाशी जाऊन उभी राहिली.

"तू मेलायस, कुप्रियान," ती म्हणाली.

"हो, झिना."

"तीस वर्षं शाळाशाळांतून तुझ्याबद्दल चांगलं बोलत फिरतेय मी. चांगलं! तुझ्याबद्दल! जबडा दुखायचा माझा घरी येईपर्यंत."

"मग आता वाईट बोल," तो म्हणाला.

आणि ती बोलू लागली. आम्ही चौघं वाद्यं उचलून जिन्यात जाऊन बसलो. सगळी तालीम आम्ही तिथे ऐकत काढली. बुटांचा चिखल, न दुरुस्त केलेलं छप्पर, तिच्या आईला मारलेला टोमणा, काही राहिलं नाही. मधेमधे त्याचा आवाज यायचा, "हे खरंय. हेही खरंय." गेर्माननं पेटी उघडून सगळ्यांना मासळी वाटली.

हुतात्म्याची विधवा म्हणून झिनाईदाला त्याच महिन्यात नवं घर मिळालं, न्हाणीघर आणि गरम पाण्यासकट. कुप्रियान शनिवारी तिथे आंघोळीला जाऊ लागला. मग बुधवारीही. मग तो रोज आंघोळ करू लागला, आणि इकडे संगीतमंडळाची भट्टी थंड पडू लागली. गावात कुजबुज झाली. शेवटी गृहसमितीनं झिनाईदाला बोलावलं, आणि संगीतमंडळाचा माणूस गुंतलाय म्हणून साक्षीला मलाही.

अध्यक्षबाई कडक होत्या. "नागरिक शेलेस्तोवा, गावासाठी जीव दिलेल्या माणसाची पत्नी तुम्ही. आणि एका आगवाल्याला घरी आणता? कोण हा बुब्नोव? त्या महान माणसाच्या नखाची तरी सर आहे का त्याला?"

"नाही," झिनाईदा म्हणाली. "अजिबात नाही."

"त्याचा आत्मा काय म्हणत असेल?"

"पाणी अजून गरम नाही झालं का, असं म्हणत असेल."

मी खोकल्याचं निमित्त करून रुमाल तोंडात कोंबला. समितीनं ठराव केला: नागरिक शेलेस्तोवा यांनी आपल्या दिवंगत पतीच्या स्मृतीची मनापासून क्षमा मागावी.

ती घरी गेली. कुप्रियान टॉवेल गुंडाळून चहा पीत होता. तिनं दारातच ठराव सांगितला आणि क्षमा मागितली. तो बराच वेळ बशीत फुंकर घालत राहिला आणि म्हणाला, "विचार करून सांगतो." त्यावरून त्यांचं इतकं भांडण झालं, की शेजाऱ्यांनी समितीला कळवलं, आगवाल्याला आता हाकलून दिलंय, प्रकरण मिटलंय. समितीनं तशी नोंद करून टाकली आणि पुन्हा कुणी विचारलं नाही.

त्या हिवाळ्यात संगीतमंडळाच्या इमारतीत तारा थंडीनं तुटू लागल्या, कारण आगवाला कधी जागेवर नसायचा. म्हणून तालमी आम्ही झिनाईदाच्या स्वयंपाकघरात हलवल्या. तैसिया फ्रिजला पाठ लावून बसायची, वेनियामिन अर्काद्येविच खिडकीशी, कारण तिथून मॉस्कोची दिशा येते असं त्यांचं म्हणणं. झिनाईदा काकड्या मिठात मुरवता मुरवता ऐकायची. तिला संथ भाग आवडायचे.

"पुन्हा वाजवा तो," ती म्हणायची.

"शर्यत लावा रे!" आतून, पाण्याच्या आवाजातून, तो ओरडायचा.

"तू गप! मेलेल्यानं मधे बोलू नये!"

आम्ही संथच वाजवायचो. घर तिचं होतं.